बसून डोंगर कसा खावा

आपल्याकडे म्हणतात बसून खाल्लं तर डोंगरही पुरत नाही. हे म्हणणाऱ्यांनी कधी डोंगर खाऊन बघितलेला नसतो. तुम्हाला खरंच खायचा असेल, आणि सोबत एक अख्खा देशही जिरवायचा असेल, तर नौरूची पद्धत शिकून घ्या. पॅसिफिकमधलं बेट, 21 चौरस किलोमीटर (बृहन्मुंबईत अशी वीस बसतील), माणसं बारा हजारांच्या आसपास, अधिकृत राजधानी नाही, चलन ऑस्ट्रेलियाचं. म्हणजे प्रॅक्टिसला एकदम सोयीचा साइज.

पहिली गोष्ट म्हणजे डोंगर आपला आहे हे आपल्याला उशिरा कळलं पाहिजे. सिडनीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात नौरूवरून आणलेला एक दगड दरवाजा आपटू नये म्हणून लावून ठेवला होता, अल्बर्ट एलिस नावाच्या माणसाला संशय आला, तपासला तर उच्च दर्जाचं फॉस्फेट. खतासाठी सोनंच. नौरूवाल्यांना कुणी विचारलं नाही, कारण बेट तेव्हा जर्मनीचं होतं, म्हणजे जर्मनीने 1888 मध्ये तसं ठरवलं होतं. 1907 पर्यंत फॉस्फेटची जहाजं सुटायलाही लागली आणि जमीनमालकाला टनामागे अर्धा पेनी. पहिलं महायुद्ध झालं, जर्मन गेले, आणि ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असे तिघं मिळून खायला बसले. तिकडची शेतं हिरवीगार झाली, इकडे बेटाच्या मधला भाग खरवडून नुसते प्रवाळाचे सुळके उरले, दोन-तीन पुरुष उंच, ज्यावर ना शेती होते ना नीट चालता येतं. तेव्हा डोंगर खायला सुरुवात कुणी केली हे विसरायचं. विसरल्याशिवाय पुढचं हसू येत नाही.

मधे 1942 मध्ये जपानी आले आणि पुढच्या वर्षी बाराशे नौरूवाल्यांना जहाजात घालून पॅसिफिकमधल्याच चूक (Chuuk) नावाच्या बेटांवर मजुरीला नेलं, त्यातले 737 परत आले, 31 जानेवारी 1946 ला. यावर काही गंमत करायची नाहीये. बावीस वर्षांनी त्यांनी स्वातंत्र्यासाठी तीच तारीख घेतली, 31 जानेवारी 1968.

त्याच्याआधी एक ऑफर आली होती बरं का. बेट तर आता संपणारच, तुम्ही क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर राहायला या. 1964 मध्ये नौरूवाले नाही म्हणाले. कारण तिथे गेलं तर ऑस्ट्रेलियन नागरिक व्हायचं, स्वतःचा देश विसरायचा. किती अव्यवहारी ना? रिडेव्हलपमेंटमध्ये एवढा चांगला फ्लॅट मिळत असताना कुणी चाळ सोडत नाही म्हणजे काय.

आता खरी मजा. 1970 मध्ये फॉस्फेटचा धंदा नौरूच्या हातात आला आणि माणशी उत्पन्नात हा चिमुकला देश जगातल्या अव्वल देशांत जाऊन बसला. टॅक्स नाही, दवाखाना फुकट, मोठं दुखणं असेल तर सरकार ऑस्ट्रेलियाला पाठवणार. खाणीत राबायला चीन, किरिबाटी, तुवालूची माणसं. तुम्ही काय केलं असतं सांगा? सकाळी सहाला उठून घाम गाळला असता? आपल्याकडे हायवेत जमीन गेली की दुसऱ्या दिवशी दारात स्कॉर्पिओ उभी राहते, तेव्हा आपण म्हणतो पोराने नाव काढलं. नौरूवाल्यांनी तेच केलं, फक्त 19 किलोमीटरच्या एकुलत्या एक गोल रस्त्यावर. तिकडच्या पोलीसप्रमुखाने लॅम्बोर्गिनी मागवली आणि मग त्यात तो मावेचना अशी गोष्ट सांगतात, खरी असो नसो, सांगणाऱ्याला मजा येते हे महत्त्वाचं.

पैसा गुंतवताना मात्र सल्लागार पारखून घ्या. नौरूने मेलबर्नमध्ये 52 मजली टॉवर बांधला, 1977 ला तयार झाला. फॉस्फेट पक्ष्यांच्या विष्ठेचं म्हणून तिथले लोक त्याला पाखरांच्या शिटेचा टॉवर म्हणायचे. बोइंगं घेऊन स्वतःची एअरलाइन काढली, एवढ्याशा देशासाठी. आणि सगळ्यात भारी म्हणजे 1993 मध्ये लंडनला लिओनार्दो दा विंचीच्या प्रेमप्रकरणावर संगीत नाटक काढायला वीसेक लाख पाउंड घातले. सल्ला देणारा माणूस आधी एका पॉप बँडचं सामान उचलायचा. नाटक महिनाभरात बंद पडलं. फॉस्फेट ट्रस्टमधली गंगाजळी एकेकाळी अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर होती, ती अशीच कुठे कुठे वाहत गेली, आणि 2004 मध्ये कर्जापायी तो टॉवरही गेला.

सरकार कसं चालवायचं तेही बघून ठेवा. संसदेत तेव्हा 18 माणसं, सगळी एकमेकांची नातेवाईक नाहीतर शेजारी, पक्ष असे धड नाहीत, त्यामुळे एकजण रुसला की अविश्वास ठराव. 1999 ते 2003 रेने हॅरिस आणि बर्नार्ड डोवियोगो आलटून पालटून राष्ट्राध्यक्ष होत होते, म्हणजे खुर्चीवरची उशीसुद्धा बदलायला वेळ नसेल मिळाला. 2010 मध्ये 9 विरुद्ध 9 अडकलं, निवडणूक घेतली, परत अडकलं, दोन महिन्यांत पुन्हा निवडणूक, पुन्हा तेच. शेवटी 2013 पासून जागा 19 केल्या. आपल्याकडे असला प्रश्न येतच नाही, आपण रिसॉर्ट बुक करतो.

असो. डोंगर संपला. आता काय विकायचं? इथेच खरं टॅलेंट लागतं. आधी पत्ता विकला. नव्वदच्या दशकात शेकडो बँका एका पोस्टाच्या पेटीवर नोंदवल्या, रशियातला काळा पैसा त्या पेटीतून गेला, अमेरिका भडकली, दुकान बंद. मग मत विकलं. संयुक्त राष्ट्रांत नौरूचंही एक मत आणि चीनचंही एक, त्यामुळे मान्यता कुणाला, तर 2002 मध्ये तैवान सोडून चीन, 2005 मध्ये चीन सोडून तैवान, 2024 च्या जानेवारीत परत चीन. मधे 2009 मध्ये जॉर्जियातून रशियाच्या जोरावर फुटलेले अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया नावाचे दोन देश आहेत असंही नौरूला एकाएकी जाणवलं. रशियाने खिशात हात घातल्यावर असं जाणवतं.

पण सगळ्यात स्टेडी गिऱ्हाईक तेच जुनं. 2001 पासून ऑस्ट्रेलिया बोटीने येणारे निर्वासित आपल्या किनाऱ्याला लागू नयेत म्हणून नौरूवर आणून ठेवतं, मधे चार वर्षं बंद होतं, 2012 ला पुन्हा सुरू. म्हणजे ज्यांच्या शेतांना इथलं खत गेलं त्यांनीच आता नको असलेली माणसं इथे पाठवायची, भाडं देऊन. आणि यावर कुणी लिहू नये म्हणून काय करायचं? बंदी वगैरे घालायची नाही, ते वाईट दिसतं. पत्रकाराच्या व्हिसाची फी 200 वरून 8000 ऑस्ट्रेलियन डॉलर करायची, नाकारला तरी पैसे परत नाहीत. नौरूने 2014 मध्ये हेच केलं. लिहून घ्या, कामाला येईल.

तब्येतीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर हसणारे भरपूर आहेत. शेतीची जमीन खरवडून नेल्यावर जेवण डब्यातून आणि जहाजातून येतं, तांदूळ, साखर, डबाबंद मटण, आणि लठ्ठपणा-डायबेटिसच्या जागतिक याद्यांत नौरू कायम वर. आळशी हो, दुसरं काय. प्रवाळाच्या सुळक्यावर भाजी लावायला काय होतं त्यांना.

आता समुद्राचा तळ काढलाय विकायला. 2021 मध्ये एका कॅनडियन कंपनीसाठी नौरूने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला कळवलं की दोन वर्षांत खाणकामाचे नियम करा, आम्ही थांबणार नाही. आणि आता नागरिकत्वही विकत मिळतंय, 2025 मध्ये किंमत 1,05,000 अमेरिकन डॉलरपासून होती, कारण समुद्र वर चढतोय आणि किनाऱ्यावरच्या लोकांना आत उंचावर हलवायला पैसा हवाय. आत उंचावर म्हणजे त्याच खरवडलेल्या सुळक्यांवर.

कधी गेलात तर गाडी भाड्याने घ्या, अर्ध्या तासात देशाला प्रदक्षिणा होते. विमानतळापाशी रस्ता अडवतील, धावपट्टी आडवी आहे ना, थांबा जरा. विमान उतरलं की कोण कोण उतरतंय बघत बसा, कुणी ऑस्ट्रेलियन अधिकारी, कुणी सल्लागार, कुणी निर्वासित. पासपोर्ट विकत घेतलेला माणूस त्यात शोधू नका, त्याला यायची गरज नसते.