बसायला जागा

लेकीकडे टोरांटोला होते तेव्हा जावई रोज विचारायचे, "आई, आज कुठे सोडू?" आणि माझं ठरलेलं, "कॉर्पोरेशनपाशी." नायगारा सोडून महापालिका बघत बसणारी सासू! हसायचे बिचारे.

दोन वाकवलेल्या उंच इमारती, एक २७ मजली, दुसरी २०, आणि त्यांच्या ओंजळीत बशीसारखं गोल सभागृह. विल्यो रेवेल या फिनलंडच्या वास्तुरचनाकाराचं काम. स्पर्धेत ४२ देशांतून पाचशेवर आराखडे आले होते, त्यातून हा निवडला. १९६५ मध्ये उद्घाटन झालं, ते बघायला तो नव्हता. आदल्याच वर्षी गेला. खरं सांगू? मागच्या बाजूने मला ती इमारत मुळीच आवडली नाही. नुसतं काँक्रीट, खिडकीचं नाव नाही. रुसून पाठ फिरवून बसल्यासारखी.

पण पुढच्या चौकासाठी सगळं माफ. उन्हाळ्यात उथळ पाण्याचा हौद, थंडीत त्याचाच बर्फ आणि त्यावर घसरणारी पोरं. डबा खाणारे कारकून, फोटो काढणारी नवी जोडपी, फलक घेतलेले मोर्चेवाले. आणि गाड्या? चौकाच्या खाली, जमिनीच्या पोटात. आधी त्यांची सोय लावली, म्हणून वर माणसांना जागा उरली.

मला आपलं बडोद्याचं खंडेराव मार्केट आठवायचं. सयाजीरावांच्या कारभाराला २५ वर्षं झाली म्हणून बांधलेलं, नाव दत्तक वडिलांचं. पुढे महापालिकेची कमानी-घुमटांची कचेरी, मागे भाजी आणि फुलांचा बाजार. बाबा वेरा, म्हणजे कर, भरायला निघाले की आई हातात पिशवी द्यायची, "येताना झेंडू आणा." पैसे गेल्याचं दुःख फुलांच्या वासात निम्मं व्हायचं, असं बाबा म्हणत.

हल्ली कुठल्याही गावात नवीन भवनाचं चित्र छापून येतं. काचा, लिफ्ट, एसी, सगळं छान. मी त्यात बाक शोधते. हिरवळ दाखवलेली असते, पण ती बघायची. प्रत्यक्षात तिच्याभोवती साखळी.

माझ्या नणंदेला एकदा अशाच एका नव्या कचेरीच्या पायरीवरून उठवलं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे धरले म्हणून टेकली होती. "इथे नका बसू माजी, साहेब येतायत." उठली. मग आम्ही दोघी समोरच्या चहावाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसलो. त्याने बाकड्यावरची किटली उचलून खाली ठेवली आणि चहा घेणार का, हेसुद्धा विचारलं नाही.