बेनिफिट भाडेकरूच्या नावावर, पैसा घरमालकाच्या खात्यात

ब्रिटनमधल्या आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं. "आम्ही मर मर मरून टॅक्स भरायचा आणि हे लोक बेनिफिटवर फुकट राहणार." हे वाक्य आता माझ्याने निमूट ऐकवत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. पोस्ट लांब आहे, पण दोन ओळींत उरकण्यासारखा हा विषय नाही.

घरभाड्यासाठी सरकार जी मदत देतं तिचा खर्च वर्षाला ३० अब्ज पौंडांहून जास्त आहे. पूर्वी तिला सरसकट हाउसिंग बेनिफिट म्हणत. आता नोकरीच्या वयाच्या बहुतेकांना ती युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नवाल्यांच्या एकत्रित मासिक मदतीचा एक भाग म्हणून मिळते. त्यातला मोठा वाटा कौन्सिल (स्थानिक स्वराज्य संस्था) आणि हाउसिंग असोसिएशन (ना-नफा गृहसंस्था) यांच्या घरांवर खर्च होतो हे खरं. पण अब्जावधी पौंड खासगी घरमालकांकडे जातात. रक्कम भाडेकरूच्या खात्यात येते, एक-दोन दिवस थांबते आणि पुढे निघून जाते. कागदोपत्री लाभार्थी भाडेकरू असतो, म्हणून बोल त्यालाच लागतो. ज्याच्या खात्यात पैसा शेवटी जमा होतो त्याला "बेनिफिटवर जगणारा" असं कुणी म्हणत नाही.

आपल्यातले बरेच जण वर्क व्हिसावर आहेत. "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" (सरकारी मदतीवर हक्क नाही) ही अट असल्याने आपल्याला हे बेनिफिट मागताच येत नाहीत, त्यामुळे ही व्यवस्था आतून कशी चालते ते दिसतही नाही. मला दिसलं, कारण शनिवारी मी आमच्या भागातल्या एका सल्ला केंद्रात फॉर्म भरायला मदत करते.

मध्यंतरी तिथे एक बाई आल्या होत्या. केअर होममध्ये कामाला, दोन लहान मुलं, घरात दुसरा कमावता कुणी नाही. त्यांनी एजंटाचं पत्र टेबलावर ठेवलं. भाडं ९९५ पौंडांवरून १,१५० होणार होतं. मग फोनवर युनिव्हर्सल क्रेडिटचं खातं उघडून दाखवलं. त्यात घरभाड्याच्या ओळीत ८५० पौंड. म्हणजे दर महिन्याला ३०० पौंडांची तूट. ही तूट भरायची कशातून? पगारातून, आणि मुलांच्या नावाने जे काही येतं त्यातून. त्या पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पेन्सिलीने हिशेब मांडला होता. वीज, गॅस, बसचा पास, शाळेचे बूट. बुटांवर दोनदा काट मारून पुन्हा लिहिलेलं होतं. त्या बाई रात्रपाळ्या करतात, आपल्याच वयाच्या लोकांच्या आईवडिलांना उचलतात, न्हाऊ घालतात, भरवतात. युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्यांत साधारण एक तृतीयांश लोक असे नोकरी करणारे आहेत. ऐतखाऊ कुणाला म्हणायचं ते आता तुम्हीच सांगा.

हे ८५० पौंड कुठून आले? खासगी घरात राहणाऱ्याला त्याचं खरं भाडं मिळत नाही. त्याच्या भागासाठी आणि कुटुंबाच्या आकारासाठी ठरवलेली कमाल रक्कम मिळते, तिला लोकल हाउसिंग अलाउन्स म्हणतात. १० वर्षांखालच्या दोन मुलांनी एका खोलीत राहायचं असं नियम धरून चालतो, म्हणून या बाईंना दोन बेडरूमचा दर. पस्तिशीच्या आतल्या एकट्या माणसाला, काही अपवाद सोडले, तर दुसऱ्यांसोबत वाटून घेतलेल्या घरातल्या एका खोलीपुरताच दर मिळतो.

२००८ मध्ये हा अलाउन्स देशभर आला तेव्हा तो भागातल्या मधल्या भाड्यावर ठरायचा. म्हणजे निम्मी घरं त्यात बसायची. एप्रिल २०११ पासून तो खाली आणला, दहापैकी स्वस्तातली तीन घरं बसतील इतका. २०१३ पासून तर भाड्याशी त्याचं नातंच तोडलं. आधी महागाईच्या निर्देशांकाने वाढ, मग एक टक्का, मग २०१६ पासून चार वर्षं एक पेनीही नाही. कोविड आला तेव्हा एप्रिल २०२० मध्ये तो पुन्हा त्या दहापैकी तीन घरांच्या पातळीवर आणला आणि लगेच तिथेच गोठवला. एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा वर आणला. त्याला आधार होता सप्टेंबर २०२३ पर्यंतच्या भाड्यांचा. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा गोठवला. भाडं दरवर्षी वाढतं आणि अलाउन्स अर्थमंत्र्यांची मर्जी होईल तेव्हा वाढतो. २०२५-२६ मध्ये पंचविशीवरच्या एकट्या माणसाला खाण्यापिण्यासकट सगळ्या खर्चासाठी युनिव्हर्सल क्रेडिटची मूळ रक्कम महिन्याला ४०० पौंड १४ पेन्स होती. भाड्यातली तूट आधी हीच रक्कम कुरतडते. फूडबँकेच्या रांगा कशाने वाढल्या याचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं.

आता नेहमीचा युक्तिवाद. बेनिफिट मिळतो म्हणून घरमालक भाडं वाढवतात, तो कमी करा म्हणजे भाडी आपोआप खाली येतील. २०११ च्या कपातीच्या वेळी सरकारचीही हीच आशा होती. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजच्या अर्थतज्ज्ञांनी त्या कपातीचा हिशेब तपासला. २०१४ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार कपातीचा सुमारे ८९ टक्के भार भाडेकरूंवर पडला आणि ११ टक्के घरमालकांवर. दुसरीकडे फ्रान्समध्ये घरभाडे भत्ता वाढवला तेव्हा काय झालं याचा अभ्यास गॅब्रिएल फाक या अर्थतज्ज्ञ बाईंनी केला, तो २००६ मध्ये आला. तिथे भत्त्याच्या प्रत्येक युरोमागे ७८ सेंट भाडेवाढीत गेले. ब्रिटनमधल्या १९९० च्या दशकातल्या कपातींवरचा एक अभ्यास मात्र वेगळं सांगतो, त्या वेळी निम्म्याहून जास्त भार घरमालकांनी सोसला. पण तेव्हा खासगी भाड्याने राहणारी कुटुंबं आजच्या साधारण निम्म्या प्रमाणात होती आणि कौन्सिलची घरं आजपेक्षा बरीच जास्त. भाडेकरूला दुसरा दरवाजा ठोठावता येत होता. माझं मत असं की तो दरवाजा बंद झाल्यावर देताना पैसा घरमालकाकडे जातो आणि काढून घेताना भाडेकरूच्या ताटातून निघतो.

हा दरवाजा आपोआप बंद झालेला नाही. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात या देशात कौन्सिलं वर्षाला दोन लाखांहून जास्त घरं बांधत होती, आणि तेही कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार असताना. १९८० च्या कायद्याने राइट टू बाय आलं, भाडेकरूंना राहतं घर मोठ्या सवलतीत विकत मिळू लागलं. एकट्या इंग्लंडमध्ये जवळपास २० लाख घरं अशी विकली गेली. त्या कुटुंबांच्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही, कष्टकऱ्याला स्वतःचं छप्पर मिळालं तर कुणाला वाईट वाटेल? पण विकलेल्या घरांच्या जागी तितकी नवी बांधली नाहीत, हा अपराध आहे. मग १९८८ चा हाउसिंग अॅक्ट आला. जानेवारी १९८९ पासूनच्या नव्या करारांवरचं भाडेनियंत्रण संपलं आणि कारण न सांगता घर रिकामं करायला लावणारी सेक्शन २१ ची नोटीस आली. बाजारभाव ज्यांना परवडणार नाही त्यांचं काय? १९९१ मध्ये तेव्हाचे गृहनिर्माण मंत्री जॉर्ज यंग यांनी पार्लमेंटमध्ये सांगितलं की तो ताण हाउसिंग बेनिफिट सोसेल. म्हणजे घरं बांधण्याऐवजी भाडं भरायचं, हा निर्णय समजून-उमजून घेतलेला होता. १९९६ मध्ये बाय-टू-लेट, म्हणजे भाड्याने देण्यासाठी घर घ्यायची कर्जं बाजारात आली आणि उरलेलं चित्र पूर्ण झालं.

२०१७ मध्ये इंग्लंडमधल्या कौन्सिलांकडून मिळवलेल्या माहितीत राइट टू बायखाली लीजहोल्डवर (दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर) विकलेल्या फ्लॅटपैकी सुमारे ४० टक्के खासगी भाड्याने दिलेले आढळले. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर दोन सारखे फ्लॅट असतात. एक अजून कौन्सिलचा, त्याचं भाडं आवाक्यातलं. शेजारचा विकला गेलेला, त्याचं भाडं कित्येक ठिकाणी दुप्पट, आणि तिथल्या कुटुंबाला परवडत नाही म्हणून त्यातला मोठा भाग आपण करातून भरतो. भिंत तीच, जिना तोच. जे घर जनतेच्या पैशाने बांधलं, तेच जनतेच्या पैशाने पुन्हा भाड्याने घ्यायचं. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये राइट टू बाय बंद केलं. इंग्लंडमध्ये ते चालू आहे, सवलत तेवढी २०२४ मध्ये बरीच कमी केली.

आणि हे सगळं सोसूनही ज्यांचं घर सुटतं, ते कौन्सिलच्या दारात बेघर म्हणून उभे राहतात. मार्च २०२५ अखेर इंग्लंडमध्ये १ लाख ३० हजारांहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात होती, त्यांत १ लाख ६० हजारांहून जास्त मुलं. यातली कित्येक हॉटेलच्या एका खोलीत राहतात, जिथे स्वयंपाकाची सोय नाही. हा निवाराही बहुतेक खासगी मालकांकडूनच घ्यावा लागतो. २०२३-२४ मध्ये इंग्लंडच्या कौन्सिलांनी त्यावर २ अब्ज पौंडांहून जास्त खर्च केले. अशा बऱ्याच निवाऱ्यांसाठी केंद्र सरकार कौन्सिलला जी भरपाई देतं, ती अजूनही जानेवारी २०११ च्या दराच्या ९० टक्क्यांवर अडकलेली आहे. बाकीचा खड्डा कौन्सिलने भरायचा, म्हणजे वाचनालयं, तरुणांची केंद्रं, म्हाताऱ्यांची देखभाल यांतून. तीनशे पौंडांची तूट भरायला नकार देऊन आपण याच्या कितीतरी पट पैसे हॉटेलांवर उधळतो, याचा मला मनापासून संताप येतो.

घरमालकांबद्दल. आपल्या ओळखीतल्या कितीतरी कुटुंबांनी इथे दुसरं घर घेऊन भाड्याने दिलंय. मी त्यांना खलनायक ठरवत नाही. इंग्लंडमधल्या जवळपास निम्म्या घरमालकांकडे भाड्याचं एकच घर आहे. २०१७ ते २०२० मध्ये कर्जाच्या व्याजावरची करसवलत घटली, २०२२ नंतर हप्ते भडकले, हेही खरं. एका स्नेह्यांनी मला विचारलं, "ताई, बँक माझा हप्ता वाढवते, मग मी भाडं का वाढवू नये?" मी त्यांना एवढंच विचारलं की २००९ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा दर अर्ध्या टक्क्यावर आला आणि सात वर्षं तिथेच राहिला, तेव्हा दादा, किती जणांनी भाडं कमी केलं? भाडं हप्त्यावर ठरत नाही. समोरच्याला दुसरीकडे जायची सोय आहे की नाही, यावर ठरतं. घराच्या किमतीत होणारी वाढ मालकाची, आणि वाढलेला हप्ता मात्र भाडेकरूचा, हा हिशेब मला मान्य नाही.

"डीएसएस नको", म्हणजे बेनिफिट घेणारा भाडेकरू नको, ही पाटीही आपल्याच लोकांच्या जाहिरातींत मी वाचली आहे. डीएसएस हे बेनिफिट देणारं सरकारी खातं २००१ मध्येच बंद झालं, पाटी मात्र राहिली. जुलै २०२० मध्ये यॉर्कच्या काउंटी कोर्टाने अशी सरसकट बंदी बेकायदा ठरवली, कारण तिचा फटका बायकांना आणि अपंगांना जास्त बसतो. मग पाट्या गेल्या आणि अटी आल्या. महिन्याच्या भाड्याच्या तीसपट वार्षिक उत्पन्न दाखवा, नाहीतर स्वतःचं घर असलेला जामीनदार आणा. केअर होममधल्या बाईने असा जामीनदार कुठून आणायचा?

रेंटर्स राइट्स अॅक्टला २७ ऑक्टोबर २०२५ रोजी मंजुरी मिळाली आणि इंग्लंडमधल्या खासगी भाडेकरारांसाठी अंमलाची तारीख ठरली १ मे २०२६. सेक्शन २१ रद्द, भाडेवाढ वर्षातून एकदाच, बेनिफिट घेणाऱ्यांना किंवा मुलं असणाऱ्यांना त्या कारणावरून नाकारायला मनाई, जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त बोली लावणाऱ्याला घर द्यायलाही मनाई. मला या कायद्याचं मनापासून स्वागत करायचं आहे. पण वाढीव भाड्याविरुद्ध ट्रायब्युनल या न्यायाधिकरणाकडे गेलात तर तिथली मोजपट्टी बाजारभावाचीच आहे. बाजारभाव १,१५० असेल आणि अलाउन्स ८५०, तर कायदा त्या बाईंना नोटिशीपासून वाचवतो, तुटीपासून नाही. दोन महिने भाडं थकलं की घर रिकामं करून घ्यायचा रस्ता पूर्वीपासून होता. नव्या कायद्यात ती मर्यादा तीन महिन्यांची केली, इतकंच.

त्यामुळे मला दोन गोष्टी एकाच वेळी हव्या आहेत. अलाउन्स कायद्यानेच दरवर्षी खऱ्या भाड्याशी जोडा, दर बजेटला त्याची भीक मागायला लागू नये. तो पैसा घरमालकाकडे जाणार हे माहीत असूनही मी हे म्हणते आहे, कारण आज तो रोखला तर उपाशी मुलं राहतात. आणि त्याच वेळी कौन्सिलची घरं बांधा, इतकी की भाडेकरूला पुन्हा दुसरा दरवाजा मिळेल. सरकारने २०२५ मध्ये सामाजिक आणि परवडणाऱ्या घरांसाठी दहा वर्षांत ३९ अब्ज पौंड जाहीर केले, सुमारे ३ लाख घरं, त्यांतली निदान ६० टक्के सोशल रेंटवर, म्हणजे बाजारापेक्षा बऱ्याच कमी भाड्यावर. चांगली सुरुवात आहे. पण एकट्या इंग्लंडमध्ये १३ लाख कुटुंबं प्रतीक्षा यादीवर आहेत.

ज्यांना इथे मत आहे (इंडेफिनिट लीव्ह, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, नसतानाही, नुसत्या व्हिसावर असलात तरी भारतीय नागरिकांना ते आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं), त्यांनी आपल्या खासदाराला अलाउन्सबद्दल लिहा. आणि ज्यांनी एजंटाकडे घर दिलंय, त्यांनी या आठवड्यात एक फोन करून विचारा की माझ्या घरासाठी तुम्ही भाडेकरूंना नेमक्या काय अटी घालता. उत्तर काय मिळालं ते खाली लिहा.