नाशकि

"तू कंप्युटरवाला ना? मग एक ग्राफ काढून दे. दहा मिनिटांचं काम," असं बाबा फोनवर म्हणाले. खोटं कशाला बोलू, ग्राफ दहा मिनिटांतच निघाला. पुढची अख्खी रात्र गेली ती त्याला नटवण्यात.

निफाडला आमची द्राक्षबाग. हिवाळ्यात पहाटे पारा कुठवर उतरला हे बाबा रोज वहीत टिपतात. शेकोट्या कधी पेटवायच्या, पाणी कधी सोडायचं, ते त्यावरून ठरतं. तीन हिवाळ्यांच्या नोंदी त्यांना शेतकरी गटाच्या बैठकीत दाखवायच्या होत्या. मी नाशकात, कॉलेज रोडच्या खोलीवर बसून आकडे पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ओतले आणि तिच्यातल्या ग्राफ काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबला कामाला लावलं. जॉन हंटर नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने एपिलेप्सीच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संदेश बघायला हे साधन घडवलं आणि २००३ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. मेंदूतली वीज दाखवणाऱ्याला निफाडची थंडी काय जड?

तीन रेघा आल्या: निळी, नारिंगी, हिरवी. आता नारिंगी थंडी कुणी पाहिलीय? रंग बदलले. मग रेघा किडकिडीत वाटायला लागल्या. मुळात जाडी दीड पॉइंट; चार केली तर विहिरीचे दोर दिसले. अडीचवर तह झाला.

मग लेजंड, म्हणजे कुठली रेघ कुठल्या सालाची ते सांगणारी चौकट. तिची जागा आधीपासून 'बेस्ट' अशी ठरवलेली असते, म्हणजे जिथे रेघांना कमीत कमी अडचण तिथे ती आपली आपण बसते. माझ्या ग्राफमध्ये मोकळी जागाच नव्हती, तेव्हा बाई नेमक्या जानेवारीतल्या सगळ्यात गार पहाटेवर ठाण मांडून बसल्या. उठवून बाहेर नेलं, तर सेव्ह करताना अर्ध्या कापल्या गेल्या.

हे सगळं सोसलं असतं, पण बाबांना शीर्षक मराठीत हवं होतं. लिहिलं, तर ओळीने रिकामे चौकोन! आतला डेजाव्हू सान्स फॉन्ट देवनागरी जाणतच नाही. देवनागरीचा फॉन्ट घातला आणि 'नाशिक'च्या जागी पडद्यावर ठळक उमटलं: 'नाशकि'. म्हणजे झालं असं की आपण टाइप करतो तेव्हा 'शि'ची वेलांटी श नंतर साठवली जाते. दाखवताना तिला उचलून श च्या आधी मांडायचं असतं. माझ्याकडच्या आवृत्तीला हे ठाऊक नव्हतं. तिने जसं आलं तसं काढलं, आणि वेलांटी क च्या गळ्यात पडली. 'द्राक्ष'मधल्या जोडाक्षरांचे तर पाय मोडून पडलेले. गारपिटीनंतरही बाग इतकी वाईट दिसत नाही.

पहाटे तीनला शीर्षक उडवलं, वर कोरी जागा सोडली आणि सकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून निफाडची बस धरली.

बाबांनी चष्मा लावला. कोऱ्या जागेत बॉलपेनाने वळणदार अक्षरात 'निफाडची थंडी' लिहिलं; वेलांटी जागच्या जागी. मग कागद उजेडात धरला.

"यातलं यंदाचं साल कुठलं रे?"

मी बघितलं. प्रिंट काळीपांढरी होती. तिन्ही रेघा सारख्याच करड्या.

बाबांनी खिशातून लाल पेन काढलं आणि यंदाची रेघ सावकाश गिरवली. जाडी, साधारण अडीच पॉइंट.