काका, कडेने चालवा!

आज सकाळी टिळक रोडवर एका पांढऱ्या गाडीचं दार धाडकन माझ्या सायकलच्या हँडलसमोर उघडलं. दोन्ही ब्रेक करकचून दाबले, मागचं चाक सरकलं, एक पाय डांबरावर, कोपर दारावर. वाचलो. गाडीतून आधी मोबाईल उतरला, मग त्याला चिकटलेला कान, मग उरलेला माणूस. त्याने दाराची कड बोटाने चाचपली. चरा पडला नाही याची खात्री केली. फोनवाल्याला "एक मिनिट हां" म्हणाला आणि मग मला, "काका, कडेने चालवा ना!"

अरे शहाण्या, कडेने चालवत होतो म्हणूनच तुझ्या दारात आलो ना! उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब राहायचं, हे मला पाठ आहे. पण मीटरभर बाहेर आलो की मागून हॉर्न. पुढे सिग्नल लाल, ९० सेकंद बाकी, तरी हॉर्न. किती वेळ छाती काढून चालवणार? सरकलो आत. आणि काका कोण रे? पंचेचाळीसचा आहे मी.

ही कड एकदा काच खाली करून बघा तरी. खचलेली झाकणं, नेमक्या चाकाच्या दिशेने फटी असलेल्या जाळ्या, वाळू, थांब्यावर तिरकी घुसणारी बस, आणि उलट्या बाजूने येऊन वर आपल्यालाच डोळे वटारणारा स्कूटरवाला. सायकल ट्रॅक? जंगली महाराज रस्त्यावर आहे की! दुचाक्या लावायला झकास. २०१७ साली पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झाला तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. पेढे! त्याच सुमारास आलेल्या भाड्याच्या सायकली कुठे गडप झाल्या, देव जाणे. तरी लग्नाकार्यात कोणीतरी भेटतोच, "पुणं म्हणजे सायकलींचं शहर हो!"

बरं, त्या दारवाल्याला मी काय सुनावलं? काही नाही. "सॉरी" म्हणालो. मी! सणसणीत उत्तर सुचलं ते अलका चौकात पोचल्यावर, आणि ते शेजारच्या रिक्षावाल्याला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. गाड्यांना दिसावं म्हणून मुद्दाम घेतलेलं माझं चमकणारं पोपटी जाकीट खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "साहेब, मेट्रोचं काम कधी संपणार?"

डिसेंबर म्हणून सांगितलंय.