मंडळीचा नम्र सेवक होऊ पाहणाऱ्यांस

यंदाच्या वार्षिक सभेत आपल्या ख्रिस्ती मंडळीने आपल्याला पंचमंडळाचे, म्हणजे चर्चच्या कारभारी समितीचे, चिटणीस निवडले, याबद्दल अभिनंदन. पाळकसाहेबांची बदली होते, चिटणीस मात्र राहतो, हे आपण जाणताच. त्यामुळे किनाऱ्यावरच्या या चिरेबंदी उपासनामंदिराचा कारभार पुढील काही दशके नम्रपणे कसा चालवावा, याविषयी चार शब्द आपल्या कानी घालणे मला कर्तव्य वाटते.

नम्रता प्रथम दिसली पाहिजे; ती असण्याचा प्रश्न नंतरचा, आणि तो बहुधा येतच नाही. शुभ शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी पाय धुण्याचा विधी अवश्य ठेवावा. ज्यांचे पाय धुवायचे त्यांनी ते घरूनच साबणाने स्वच्छ धुऊन यावे, असा निरोप आधी धाडावा, म्हणजे जेटीवरून थेट आलेल्या एखाद्या खलाशाच्या टाचेला चिकटलेले खवले आपल्या हाती लागणार नाहीत. घंगाळ पितळेचे असावे, टॉवेल पांढरा असावा आणि छायाचित्रकार डाव्या बाजूला उभा असावा. होऊ घातलेला विश्वासघात ठाऊक असूनही प्रभू येशूने तो करणाऱ्या यहूदा या शिष्याचे पाय धुतले, हा योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायातून निघणारा अर्थ मात्र त्या संध्याकाळी कोणी उलगडू लागल्यास गाणे सुरू करावे. नाहीतर दरवर्षी हिशेब विचारणाऱ्या मंडळींनाही पाटावर बसवण्याची पाळी यायची.

प्रभूचे शिष्य याकोब आणि योहान, हे जब्दीचे मुलगे, आपल्या गावच्या पोरांसारखेच जाळी नीट करणारे, पण धोरणात कच्चे. प्रभूच्या उजवीडावीकडच्या जागा त्यांनी सरळ मागितल्या आणि बाकीचे दहा शिष्य संतापले. मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे मागणी त्यांच्या आईने केली, पण आई हाही उपाय नव्हे, कारण आईचा हेतू सर्वांना कळतो. त्यापेक्षा प्रार्थनासभेत मेव्हण्याला उभे करावे, त्याच्याकडून “प्रभूने माझ्या मनात घातले आहे” असे वदवावे आणि आपण मान खाली घालून “मी अपात्र आहे” एवढेच म्हणावे. दोनदा म्हणावे. तिसऱ्यांदा म्हटल्यास एखादा भोळा सभासद ते खरे मानून बसतो.

देवाच्या सामर्थ्यावर भरवसा ठेवण्याविषयी भरपूर बोलावे, मात्र बायबलातल्या गिदोन या सेनानायकाची गोष्ट जपून वापरावी. 32,000 माणसांतले 22,000 भित्रे देवाने घरी धाडले आणि उरलेल्या 10,000 मधून पाण्याच्या काठी अवघे 300 ठेवले, ते अशासाठी की आपण आपल्याच हाताने वाचलो, अशी बढाई इस्राएलाने मारू नये. उपदेशाला ही गोष्ट उत्तम आहे, परंतु वार्षिक अहवालाला घातक आहे. तेथे बोरिवली-विरारला स्थायिक झालेली आणि मे महिन्यात आंब्यांपुरती उगवणारी सगळी कुटुंबे हजेरीत धरावीत.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, घरांवरची कौले आणि वाड्यांतली नारळी-पोफळी एका दिवसात गेली, तेव्हा माणसाच्या हाती फारसे काही नाही, ही जाणीव पुष्कळांना झाली. अशी जाणीव फार काळ टिकू देणे कारभाराच्या दृष्टीने बरे नव्हे. पुढच्या वादळाआधी चार पोरे कोणालाही न विचारता मंदिरावर ताडपत्री बांधायला चढली, तर त्यांना खाली बोलवावे, छप्पर उपसमिती नेमावी आणि तिचे अध्यक्षपद अत्यंत संकोचाने स्वीकारावे. छप्पर टिकले तर अहवालात समितीची दूरदृष्टी लिहावी. उडाले तर ती प्रभूची इच्छा. किनाऱ्यावर रापण, म्हणजे सर्वांनी मिळून खेचायचे मोठे जाळे, ओढताना कोणाच्या हिसक्याने मासळी वर आली, हे कोणालाच सांगता येत नाही. मंडळीचे काम त्या वळणावर गेले, तर सगळे श्रेय परस्पर देवाकडे जाईल, आणि मग चिटणीस कशाला हवा, असा प्रश्न लोक विचारू लागतील.

अशक्तपणाचाही उपयोग करून घ्यावा. आपल्या शरीरातला काटा, म्हणजे आपल्याला छळणारी पीडा, नेमका कोणता, हे प्रेषित पौलाने सांगितले नाही. आपला काटा म्हणजे खजिनदार, हे मात्र सर्वांना कळू द्यावे. स्वतःचा काटा दूर व्हावा म्हणून पौलाने प्रभूला तीनदा विनंती केली आणि कृपा पुरेशी आहे, या प्रभूच्या उत्तरावर तो थांबला. आपण थांबू नये.

कोनशिलेवर आपले नाव सर्वांत शेवटी, “प्रभूचा नम्र सेवक” या शब्दांखाली घालावे. अक्षर मात्र पाळकांच्या नावाहून लहान नसावे. शौल राजाने कर्मेलात उघडउघड स्वतःचे स्मारक उभारले, त्याला ही युक्ती सुचली नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी तर 1917 मध्ये मिशनचा पगारच सोडला आणि देवावर विसंबून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यांचे चित्र भिंतीवर अवश्य लावावे. त्यांचे उदाहरण चिटणिसांना लावू नये.

राहता राहिला राजीनामा. मोशेने सर्वांसमक्ष यहोशवावर हात ठेवून त्याला आपला वारस नेमले, तशी घाई करू नये. निवडणुकीच्या महिनाभर आधी डोळ्यांत पाणी आणून राजीनामा वाचावा, देव दुसरा सेवक उभा करील, असा दृढ विश्वास प्रकट करावा आणि देवाने खरोखरच तसे करू नये म्हणून तो नामंजूर करणारा ठराव टंकलिखित करून मेव्हण्याच्या खिशात ठेवलेला असावा. राजीनाम्यावर तारीख घालू नये.