दोन कोस

उपवासकाळातल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं एक वचन घेतलं आणि माझ्या स्कूटरचे दिवस फिरले.

मत्तय, अध्याय ५, वचन ४१. 'जो कोणी तुला वेठीस धरून एक कोस नेईल त्याच्याबरोबर दोन कोस जा.' रोमन शिपाई वाटेत दिसेल त्या यहुद्याच्या डोक्यावर आपलं बोचकं ठेवून त्याला मैलभर चालवू शकत असे. त्या वेठीवर येशूचा उतारा म्हणजे हा दुसरा कोस, आपण होऊन चालायचा. "या आठवड्यात करून पाहा," असं म्हणून पाळकसाहेब खाली उतरले. उतरताना माझ्याकडे पाहिल्यासारखे वाटले. मी मूळचा नगरचा. तिकडे मंडळी मोठी, त्यामुळे वचन ऐकलं तरी ते मागच्या बाकावरच्यासाठी आहे असं समजून घरी जाता येतं. गोव्यातली आमची मराठी मंडळी एवढीशी. इथे मागचा बाकही आपलाच.

रोमन शिपाई शोधायला लांब जावं लागलं नाही. तो शेजारीच राहतो.

मास्तर निवृत्त आहेत. आयुष्यभर मराठी शाळेत गणित शिकवलं. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजायच्या आत त्यांचा मराठी पेपर वाचून झालेला असतो. शुक्रवारी मी कामावर निघालो की ते फाटकाशी पिशवी घेऊन उभे. "म्हापशाला चाललास मरे? बाजारात सोड." तोवर मी महिन्यातून दोनदा तरी हेल्मेट घालून, ऐकू न आल्यासारखं करून सटकायचो. त्या शुक्रवारी मात्र मी थांबलो. वर म्हणालो, "मास्तर, दुपारी परतही आणतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गातल्या 'ढ' मुलाने फळ्यावर बरोबर उत्तर लिहिल्यावर पाहत असतील.

पुढच्या शुक्रवारी दोन पिशव्या आल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मयड्याच्या केळ्यांचा घड आला. तो मास्तरांच्या मांडीवर आणि त्याचं टोक माझ्या कण्यात. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू देऊ नये, असंही शास्त्रात आहे. पण उजवा ॲक्सिलरेटरवर, डावा ब्रेकवर. म्हापशाच्या शुक्रवारच्या गर्दीत त्या दोघांनी एकमेकांना कळवलं नाही तर मी थेट कांद्यांच्या माळांत.

बायको म्हणाली, "तुला वेठीस कुणी धरलंय? तू आपणच मान पुढे केलीस." शास्त्राचा एवढा नेमका अर्थ आमच्या घरात सहसा तीच लावते.

मग मे महिना आला. ज्यांनी गोव्यात पावसाळा काढलेला नाही त्यांना पुरुमेंत म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. पुढचे चार महिने जणू जगबुडीच येणार आहे अशा बेताने घर भरायचं. नोहाने तारू भरलं ते बहुधा असंच, फक्त त्याला जागा भरपूर होती. मला मिळाली स्कूटर. उकडे तांदूळ पायाशी, सोलांची पुडी माझ्या शर्टाच्या खिशात, वर्षाच्या मिरच्या हॅंडलला (डोळ्यांच्या बरोबर समोर), मातीचं मडकं मास्तरांच्या कुशीत आणि खारे बांगडे सीटखालच्या डिकीत.

त्याच डिकीत माझं पवित्र शास्त्र असतं. रविवारी घाईत विसरायला नको म्हणून.

त्या रविवारी उपासनेत मी पेत्राचं पहिलं पत्र उघडलं, तर त्याला वास पेत्राचाच. पेत्र धरून येशूच्या बारा शिष्यांपैकी चौघे तरी कोळी होते हे मला संडे स्कूलपासून पाठ आहे, पण नाकाने प्रथमच पटलं. बाकावरच्या बाई हळूहळू सरकत सरकत खांबापर्यंत गेल्या. पाळकसाहेबांनी हात मिळवताना नाक आकसून विचारलं, "काही विशेष?" मी म्हणालो, "दुसरा कोस."

आता सुटका शोधणं आलं. मनुष्य शास्त्राचा खरा अभ्यास करतो तो सुटका शोधतानाच. रात्री बसलो आणि घबाड सापडलं. मूळ ग्रीकमध्ये कोस नाहीच, मैल आहे; तोही रोमन, हजार दुहेरी पावलांचा, म्हणजे जेमतेम दीड किलोमीटर. दोन मैलांचे झाले तीन. आमच्या फाटकापासून बाजार चार. मी दर खेपेला देवाला किलोमीटरभर जास्तच देत होतो!

शुक्रवारी मी हा हिशेब फाटकातच मांडला. मास्तरांनी शांतपणे ऐकला. मग पिशवी खाली ठेवली.

"तू प्रार्थना कुठल्या भाषेत करतोस?"

"मराठीत."

"मग माप रोमन कसं? तुमच्या शास्त्रात छापलंय काय?"

"कोस."

"कोस म्हणजे दोन मैल, इंग्रजी. सव्वातीन धर... नको, तू रडशील, तीन पॉइंट दोन धर. दोन कोसांचे सहा पॉइंट चार किलोमीटर. अरे, तो इंग्रज पाद्री स्टीफन्स इथे येऊन मराठीत अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण लिहितो, १६१६ साली राशोलात ते छापतात, आणि तू नगरचा मराठी माणूस मैलात मोजतोस?"

मी म्हणालो, "पण मास्तर, परत आणतो ते चार किलोमीटर?"

"परत येताना तू तुझ्या घरी येतोस. ते माझ्या खात्यात कसे?"

गणिताच्या मास्तरांशी वाद घालू नये असं वचन कुठेतरी असायला हवं होतं.

"बाजाराचे चार गेले. दोन पॉइंट चार उरतात," ते मागे बसत म्हणाले. "भाजी घेऊन झाली की मला बोडगेश्वराकडे सोड."

म्हापशाच्या राखणदारासमोर मी स्कूटर उभी केली. मास्तर आत जाऊन आले, प्रसादाची केळी माझ्या हातात ठेवली, आणि चष्मा कपाळावर सरकवून स्कूटरच्या मीटरवर वाकले. निघताना त्यांनी आकडा पाहून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं.

"सहा पॉइंट एक," ते म्हणाले. "तीनशे मीटर राहिले. ते पुढच्या शुक्रवारी घेऊ."