समुपदेशक घरी आला, खोली मात्र आली नाही

ऑनलाइन समुपदेशनाच्या पहिल्या सेशनला मी आधी एकच गोष्ट विचारते: "आत्ता तुमचं बोलणं कुणाच्या कानावर पडू शकतं का?" त्रास काय आहे, ते नंतर. हे काम करता करता माझं मत पक्कं झालंय की ऑनलाइन समुपदेशनाचा उपयोग होतो की नाही, हा वाद आता पुरे. उपयोग होतो. अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

समुपदेशकाकडे प्रत्यक्ष जाता तेव्हा खोली त्याची असते. दार तो लावतो, आवाज बाहेर जाणार नाही हे तो बघतो, तास संपेपर्यंत कुणी आत डोकावणार नाही याची जबाबदारी त्याची. ऑनलाइनमध्ये समुपदेशक तुमच्यापर्यंत पोचतो, खोली पोचत नाही. ती तुम्हालाच तयार करावी लागते, आणि तीही बहुतेकदा त्याच घरात, ज्या घराबद्दल तुम्हाला बोलायचं असतं.

मग माणसं कुजबुजत बोलतात. थांबलेल्या गाडीत बसून बोलतात, बाथरूमचा नळ सोडून बोलतात. नवरा पलीकडच्या खोलीत असला की त्याचीच गोष्ट "ऑफिसमधल्या एकाची" म्हणून सांगतात. असं अर्धवट बोलणं झालं की वाटतं, ऑनलाइनमध्ये काही राम नाही. पण माध्यमाला दोष देण्याआधी हेही बघायला हवं की त्या माणसाला मोकळं बोलायला जागा मिळाली होती का.

दुरून मदत करणं तसं नवीन नाही. १९५३ साली लंडनमध्ये चॅड वारा नावाच्या धर्मगुरूने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन लाइन सुरू केली. तिच्यातूनच पुढे समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. १९७९ मध्ये एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञाने उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवरचा विश्वास. यातलं काहीही समोरासमोरच्या खुर्च्यांवर अडून बसत नाही. नैराश्य आणि चिंतेसाठी व्हिडिओवरून केलेल्या सीबीटीचा, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचा, परिणाम प्रत्यक्ष भेटीच्या जवळपास जातो, हेही अनेक अभ्यासांत दिसलंय.

आघाताच्या बाबतीत मात्र मी जास्त सावध असते. अपघात, अत्याचार, लहानपणची मारहाण यांच्या आठवणी घाईने उकरायच्या नसतात. मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले, त्यातला पहिला सुरक्षिततेचा. आठवणींचा नंबर त्यानंतर. पडद्यावर मला तुमचा चेहरा दिसतो, थरथरणारे पाय किंवा आवळलेल्या मुठी दिसत नाहीत. त्यामुळे ते तुम्ही सांगायला हवं: "हात गार पडलेत", "श्वास अडकतोय", "थांबूया". थांबायला सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. दुसरं म्हणजे, प्रत्यक्ष भेटीनंतर घरी जायच्या वाटेवर मन थोडं निवतं. ऑनलाइनमध्ये कॉल बंद केला की पुढच्या मिनिटाला तुम्ही घरच्यांच्या समोर. म्हणून सेशननंतर पंधरा-वीस मिनिटं मोकळी ठेवाच. एक फेरी मारा, नुसतं बसून राहा, पण लगेच मीटिंगला जोडले जाऊ नका.

जोडप्यांचं गणित आणखी वेगळं. दोघं एकाच फोनसमोर बसली की मला अर्धे-अर्धे चेहरे दिसतात, त्यामुळे मी दोघांना वेगवेगळ्या स्क्रीनवर यायला सांगते. पण नात्यात मारहाण असेल, धाक असेल, तर एकत्र सेशन नको, हे मी ठामपणे सांगते. तिथे खरं बोलण्याची किंमत कॉल संपल्यावर मोजावी लागते. अशा वेळी जोडीदार फोन तपासतो का, मेसेज कोण वाचतं, हे आधी बोलून घ्यावं आणि कुणी खोलीत आलं तर विषय बदलायचा एखादा साधा शब्द ठरवून ठेवावा.

घरातल्या माणसांनाही माझी कळकळीची विनंती आहे. कुणी दार लावून बोलत असेल, तर तो एक तास त्याला द्या. बाहेर आल्यावर "काय बोललास?", "माझ्याबद्दल काही सांगितलंस का?" असं विचारू नका.

अॅपलाही भिंती असतातच असं नाही. फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार कंपनीतून चोरलेल्या नोंदींवरून २०२० मध्ये थेट रुग्णांनाच खंडणीचे ईमेल गेले होते. अमेरिकेत २०२३ मध्ये बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या कंपनीवर ग्राहकांची आरोग्याबद्दलची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला, आणि प्रकरण ७८ लाख डॉलरवर मिटलं. त्यामुळे समुपदेशकाचं शिक्षण आणि नोंदणी विचारता, तसंच माझ्या नोंदी कुठे राहतात, कोण बघतं, सेशन रेकॉर्ड होतं का, हेही विचारा. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे मी तरी जाणार नाही.

आणि सेशनच्या सुरुवातीला समुपदेशकाने "आत्ता नेमके कुठे आहात? जवळच्या एका माणसाचा नंबर द्याल?" असं विचारलं, तर तो आगाऊपणा समजू नका. बोलता बोलता कुणी म्हणालं की आज रात्री जगायचंच नाही, आणि तेवढ्यात नेट गेलं, तर मदत कोणत्या पत्त्यावर पाठवायची हे मला माहीत असायला हवं. त्याने विचारलं नाही, तर तुम्हीच सांगून ठेवा.